चुना पडताना घरी कोण असेल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय पेटलाय. शेजारच्या गावात घरांच्या जागा मोजणारा सरकारी ड्रोन उडून गेला, आता आमचा नंबर. तरुण पोरं म्हणतात, घरपट्टीची वही नकाशाला जोडली की गाव अमेरिकेसारखं होईल. म्हातारे म्हणतात, "नकाशा आला म्हंजे टॅक्स वाढलाच समजा ना बाप्पा!" मी अमेरिकेत, ओहायोत राहतो, म्हणून दोन्ही पार्ट्या मलाच साक्षीला ओढतात.

इथं काउंटी ऑडिटरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या घर-जमिनीचं करमूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वेबसाइटवर नकाशा उघडून कुठल्याही प्लॉटवर क्लिक केलं की मालकाचं नाव, घराचं क्षेत्रफळ, शेवटची विक्री केवढ्याला झाली, कर भरला की थकला, सगळं दिसतं. शेजाऱ्याचंसुद्धा. (आमच्या गावात हे सुरू झालं तर पारावर दुसरा विषयच उरणार नाही.) हे नकाशे मुळात कागदावरचेच. ते स्कॅन करायचे, रस्त्यांचे कोपरे जमिनीवरच्या खऱ्या जागांशी जुळवायचे आणि मग रेघा गिरवायच्या, असं ते काम. कागद आक्रसलेला असतो, दोन पानांच्या कडा जुळत नाहीत, मग कुठं कुठं रेघ शेजाऱ्याच्या छपरावरून जाते. पण त्यावरून कुणी डोकी फोडत नाही, कारण हा नकाशा करापुरता असतो. हद्द ठरते ती खरेदीखतावरून आणि सर्व्हेअरच्या मोजणीवरून.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. काळीचा, म्हणजे शेतजमिनीचा, नकाशा इंग्रजांच्या काळापासून आहे, साखळीनं मोजलेला. पांढरी, म्हणजे घरांची वस्ती, मात्र बहुतेक गावांत त्या नकाशावर नुसता एक मोकळा तुकडा. आतल्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या वहीत. त्यात नाव, बांधकाम, क्षेत्रफळ, कर असं सगळं मिळेल, पण रेघ एकही नाही. म्हणजे स्कॅन करायला जुना कागदच नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत, म्हणजे ड्रोननं गावातली घरं मोजायच्या केंद्राच्या योजनेत, ही रेघ पहिल्यांदाच ओढली जातेय आणि तिच्यावरून थेट मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या जागेचा मालकीचा कागद, निघते. करापुरती रेघ वेगळी आणि मालकीची वेगळी, अशी सोय आपल्याकडे नाही.

ती रेघ कुठून येते? चुन्यातून. ड्रोन उडण्याआधी घराच्या कोपऱ्यांवर, वाड्याच्या कडेनं चुना टाकतात. वरून कॅमेऱ्याला दिसतो तो हा चुना आणि टिनाचं छप्पर. टीन भिंतीच्या हातभर बाहेर आलेलं असतं. दोन घरांत भिंत एकच. समोरचा ओटा कुणी आजोबाच्या वेळी नालीपर्यंत वाढवलेला. गोठ्याची जागा चार भावांत तोंडी वाटलेली, नमुना ८ वर नाव अजून वारलेल्या आज्याचंच. यातलं काहीही ड्रोनला कळत नाही. ते सांगायला त्या दिवशी घरी माणूस लागतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरी असतं कोण? म्हातारी आणि कुत्रं.

कराचं म्हणाल तर ग्रामपंचायतीची घरपट्टी आता भांडवली मूल्यावर आहे, क्षेत्रफळ बदललं की आकडा बदलणार. ज्यानं दोन मजली स्लॅब टाकून वहीत माती-विटांचं घर ठेवलंय, त्याचा वाढेल. वाढू द्या. ओहायोत दर सहा वर्षांनी फेरमूल्यांकन होतं, मध्ये तिसऱ्या वर्षी आकडे सुधारतात आणि लोक तेव्हाही कुरकुरतातच. पण ३१ मार्चपर्यंत तक्रार देता येते, तिची सुनावणी होते. माझ्या शेजाऱ्यानं ओल आलेल्या तळघराचे फोटो नेऊन मूल्य कमी करून घेतलं होतं.

अमेरिकेकडून काही घ्यायचंच असेल तर वेबसाइटच्या आधी ही सुनावणी घ्या. मालकीची सनद वाटण्याआधी मोठा छापील नकाशा, घरनंबरांसकट, महिनाभर पारावर लावा. ग्रामसभा वेचणी आटोपल्यावर, उन्हाळ्यात घ्या, म्हणजे पुण्या-मुंबईची पोरंही लग्नसराईला आलेली असतात. आमच्या घरापुरतं मी मोठ्या भाऊजींना सांगून ठेवलंय: त्या दिवशी वावरात जाऊ नका, आणि ओट्याचं भांडण काकांशी चुना पडायच्या आधीच मिटवा.