‘नवशिक्यांसाठी’ म्हणे!

पाककृतींच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘नवशिक्यांसाठी’ आणि आत पहिल्याच कृतीत ‘मीठ चवीनुसार’! अहो, तेवढा अंदाज असता तर पुस्तक कशाला विकत घेतलं असतं? कच्चं थालीपीठ चाखून बघू की काय? पुढे ‘पाणी लागेल तसं’. ‘एक वाटी रवा’. कोणती वाटी, आमटीची की लोणच्याची? टीस्पून 5 मिलीचा, टेबलस्पून 15 मिलीचा, एवढी एक ओळ छापायला शाई कमी पडते? ‘कुकरच्या तीन शिट्ट्या’ म्हणे! गॅस मोठा की बारीक, डाळ भिजवलेली की कोरडी, यावर अळीमिळी गुपचिळी.

आणि ते ‘बेसन खमंग भाजावं’! लाडवांची सगळी मेख तिथेच तर असते. बारीक गॅसवर हलवत राहायचं. पीठ आधी तुपात घट्ट गोळा होतं, मग हळूहळू सैल पडतं, तूप सुटतं, रंग बदलतो. हे सांगायचं सोडून ‘खमंग’ लिहून मोकळे! वर साहित्याच्या यादीत नसलेली वेलची शेवटच्या ओळीत अचानक उगवते. फोटो मात्र पानभर, केशराच्या काड्यांसकट. साधा वरणभात? तो शोधूनही सापडत नाही. थेट पनीर पसंदा!