परीक्षा पास होते, जागा मिळत नाही

'यूएसएमएलई (अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्यासाठीच्या परीक्षा) पास झालं की अमेरिकेत डॉक्टर होण्याचा मार्ग मोकळा' हे परदेशात डॉक्टर होण्यावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. खरी रांग तिथूनच सुरू होते. परीक्षा झाल्या, बाहेरच्या देशांत शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र हातात आलं, तरी रेसिडेन्सीशिवाय, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाशिवाय, बहुतेक राज्यांत पूर्ण परवाना मिळत नाही आणि ती जागा 'मॅच'मधून, म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीक्रमांची जुळणी करणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेतून, मिळवावी लागते. माझ्या भाचीचे गुण उत्तम होते. मार्चमधल्या त्या सोमवारी ईमेल आला, जागा नाही. मग पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क आणि मधल्या काळात बिनपगारी ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे डॉक्टर असून पेशंटला हात लावायचा नाही, मागे उभं राहून बघायचं. वर पदवीला जितकी वर्षं होतात तितका अर्ज मागे पडतो. कित्येक रेसिडेन्सी प्रोग्राम पदवीचं साल बघूनच अर्ज बाजूला काढतात. लेखात याचा उल्लेखही नाही!

२०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या परीक्षेला, स्टेप १ला, नुसतं पास-नापास आहे, त्यामुळे सगळा भार स्टेप २ सीके या पुढच्या परीक्षेच्या गुणांवर आलाय. ब्रिटनमध्येही प्लॅब ही बाहेरच्या डॉक्टरांसाठीची परीक्षा देऊन जीएमसीची (तिथल्या वैद्यकीय परिषदेची) नोंदणी मिळते, नोकरी नाही, ती स्वतःच शोधायची. क्लासवाले हे सांगणार नाहीत, त्यांचं दुकान परीक्षेवर चालतं.