आधी घाम मोजा, मग पाणी प्या

धावताना 'दर दोन किलोमीटरला भरपूर पाणी प्या' असा सल्ला एका लेखात आहे, तो सरसकट पाळू नये. आधी स्वतःचा घाम मोजा. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग नीट पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. वजन ९०० ग्रॅम घटलं आणि वाटेत ३०० मिली पाणी प्यायलात, तर घाम साधारण १.२ लिटर. (मधे लघवीला गेलात तर हिशेब चुकतो.) ऑक्टोबरच्या उकाड्यातला आकडा जानेवारीच्या पहाटेला लावू नका, पुन्हा मोजा. गेलेला सगळा घाम भरून काढायचाही नसतो. धावून वजन वाढलं तर पाणी जास्त झालं. रक्तातलं सोडियम उतरतं, मळमळ, डोकेदुखी, भ्रम सुरू होतो आणि लोक त्यालाच डिहायड्रेशन समजून आणखी पाणी पाजतात! एक लिटरचं ओआरएसचं पाकीट छोट्या बाटलीत अख्खं ओतणं हीही चूकच. दाट द्रावण पोटात तसंच डुचमळत राहतं.

आणि मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनच्या नेहमीच्या मार्गात परतीचा पेडर रोडचा चढ ३५ किलोमीटरनंतर येतो. जेल (धावताना ऊर्जेसाठी घ्यायचा दाट गोड पदार्थ) चढावर नको, हाजी अलीच्या आधीच साध्या पाण्याबरोबर घ्या. चढावर घड्याळातला वेग बघू नका, पावलं आखूड ठेवा.