खुलासा: अ‍ॅलिसन क्रॉस आणि रॉक

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की, ब्लूग्रास (अमेरिकन लोकसंगीताचा एक प्रकार) गाणारी गायिका अ‍ॅलिसन क्रॉस रॉकच्या वाटेला पहिल्यांदा गेली ती 2007 मध्ये, 'लेड झेपेलिन' या रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याच्याबरोबरच्या 'रेझिंग सँड' या अल्बममध्ये. ते चुकीचं आहे. चूक माझीच.

'फिश' या रॉक बँडचा 1994 चा 'हॉइस्ट' हा अल्बम काढून श्रेयनामावली वाचली. 'इफ आय कुड' या गाण्यात तिचा आवाज आहे, म्हणजे प्लांटच्या तब्बल तेरा वर्षं आधी! गायक ब्रॅड पेस्लीच्या 'मड ऑन द टायर्स' या अल्बममधल्या 'व्हिस्की ललबाय'मध्येही (2003) ती आहे, पण ते गाणं कंट्री संगीतातलं, रॉक नव्हे. 2022 मध्ये तर ती डेफ लेपर्ड या रॉक बँडच्या अल्बमवरही गायली. पाहुणी म्हणून ती मागे उभी राहते, पण गाण्याचा नूरच पालटतो, म्हणून ही नोंद नीट असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

त्याच पोस्टमधलं 'सर्वाधिक ग्रॅमी मिळवणारी स्त्री' हेही आता खरं नाही. तिचे 27 आहेत. बियॉन्सेने 2021 मध्येच 28 वा मिळवला.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. पाठवली असेल, तर तिथे हा खुलासा जोडा.