शर्ट कुणाचा, कॉन्फिडन्स कुणाचा: रत्नागिरीच्या मांडवीच्या कट्ट्यावरची भांडाभांडी

विषय स्वातीनेच काढला, म्हणजे भांडण तिनेच ओढवून घेतलं म्हणायला हरकत नाही. ती रविवारी सकाळी फुकटात स्टायलिस्टचं काम करते, म्हणजे पहिल्यांदा इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरापोरींना काय घालायचं ते सांगते, कुणाकडे नसेलच तर जमवलेल्या कपड्यांतून देते आणि फिटिंग आमचे टेलर तात्या करून देतात. एवढं कानावर पडलं आणि पक्या सुटला.

"काय गो, बँकवाले शर्ट बघून घेतात काय? मार्क नाय तर कोट घालून गेला तरी घरीच पाठवणार."

"बँकेचं बोलतंय कोण? हॉटेलात रिसेप्शनला, मुंबईला शोरूममध्ये, बोटीवर केटरिंगला, तिथे पोरगं तोंड उघडायच्या आधीच वरपासून खालपर्यंत बघतात. मग ते शर्ट ओढत बसतं आणि येत असलेलं पण विसरतं."

मग तिने बाहेरची उदाहरणं काढली. न्यूयॉर्कला १९९७ मध्ये नॅन्सी लुब्लिन नावाच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने पणजोबांकडून आलेल्या ५००० डॉलरवर 'ड्रेस फॉर सक्सेस' काढली, नोकरी शोधणाऱ्या बायकांना इंटरव्ह्यूचे कपडे द्यायला. लंडनला 'स्मार्ट वर्क्स' आहे, तिथे साधारण तासभर कपडे बघतात आणि तासभर इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात, कपडे परत मागत नाहीत. मला विचाराल तर त्यातला तो दुसरा तास जास्त कामाचा, पण हे मी तेव्हा बोललो नाही कारण पक्या आधीच तापला होता.

स्वाती म्हणाली पुण्याला केलेल्या स्टायलिंगच्या कोर्समध्ये एक प्रयोग शिकवला होता, २०१२ चा, अमेरिकेतला. तोच पांढरा कोट, पण डॉक्टरचा आहे सांगून घालायला दिला की लोकांचं लक्ष जास्त लागतं, पेंटरचा सांगितला की तेवढं नाही. पक्याने तिथेच मोबाईल काढला, दोन मिनिटं शांत, आणि मग आनंदाने ओरडला, "ह्याच लोकांचा आधीचा प्रयोग, कोट घालून आणि न घालता लक्ष किती लागतं तो, २०१९ ला परत करून बघितला दुसऱ्यांनी, तसं काय दिसलं नाय! सगळा कोर्स बुडाला तुझा." एका प्रयोगावरून कोर्स बुडत नाही आणि तरत पण नाही, पण कट्ट्यावर एवढा बारीक हिशोब कोण ऐकतो.

इथे मास्तर बोलले. मास्तर बोलायला लागले की आम्ही गप्प बसतो, सवय आहे. "अमेरिकेत कशाला जाता रे, महाड काय लांब आहे? १९२७ च्या डिसेंबरात सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांना काय सांगितलं? ज्या लुगड्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून जात ओळखू येते तसं घालू नका, इतर बायका नेसतात तसं नीट खालपर्यंत नेसा. तळ्याच्या पाण्याचा लढा चालू आहे आणि माणूस कपड्यावर बोलतोय. उगाच बोलेल काय?"

पक्या थोडा नरमला, पण हटला नाही. "मग गांधींनी १९२१ ला मदुराईत कपडे कमी केले, त्यांचा कॉन्फिडन्स गेला काय?"

"अरे ते बॅरिस्टर," मास्तर म्हणाले. "सूट घालून झाला, मग सोडला. ज्याच्याकडे दुसरं काही नाहीच त्याने काय सोडायचं?"

"बरं ते जाऊदे," पक्या म्हणाला, आणि माझ्या मते संध्याकाळचा खरा मुद्दा हाच होता, "बाबासाहेब आपल्या माणसांना सांगत होते. ही पुण्यातनं कोर्स करून येते आणि पोरांना सांगते तुझा शर्ट चुकीचा. त्यात कॉन्फिडन्स वाढतो की होता तो पण जातो?"

स्वातीला लागलं ते. पण उत्तर तात्यांनी दिलं, आणि ते तिच्या बाजूने पूर्ण नव्हतं. मिऱ्या बाजूचा एक पोरगा आला होता, मामाचा शर्ट घालून, निळ्या चौकटीचा. खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली, मनगटावर बाही लोंबलेली, आणि तो सारखा कॉलर मागे सरकवत होता. स्वातीने त्याला जमवलेल्यातला फिक्का गुलाबी दिला, ब्रँडेड, फिट पण बसत होता. पोरगा "छान आहे" म्हणाला आणि आरशात बघितलंच नाही. तात्यांनी विचारलं, मामाचाच घालायचाय का? हो म्हणाला. मग तात्यांनी दोन्ही बाह्या उसवल्या, खांदा कापून आत घेतला, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, परत काढला, कंबरेत दाबला. शर्टाला हे सगळ्यात किचकट काम, नवीन शिवणं परवडतं. कंबरेच्या शिलाईआतली माया, म्हणजे जास्तीचं कापड, कापली नाही, मामाला परत द्यायचा झाला तर कंबर तरी सोडता येईल म्हणून. पोरगा तो घालून गेला. नोकरी लागली का ते अजून कळलेलं नाही.

"म्हणजे स्टायलिस्ट नको, टेलरच पायजे," पक्या लगेच. तसं नाही रे बाबा. खांदा उतरलाय हे आधी बघितलं स्वातीनेच, घरात कुणी बघितलं नव्हतं. फक्त द्यायच्या आधी विचारायचं होतं, आणि आता ती विचारते, तेवढं तिचं मानलं पाहिजे.

आणि कोर्समध्ये कुणी शिकवत नाही ते म्हणजे आपला पाऊस. जुलैमध्ये कॉटनचा शर्ट चार दिवस दोरीवर, तरी दमट, वर कुबट वास. कपाटातला काळा पट्टा काढला तर त्यावर पांढरी बुरशी, बुटांची पण तीच गत. रंग कुठला मॅच करतेस गो, आधी वास घालव! यावर मात्र स्वाती, तात्या आणि पक्या तिघांचं एकमत झालं, टेरिकॉट घ्या, आदल्या रात्री पंख्याखाली टांगा, सकाळी निघताना परत इस्त्री फिरवा. आदल्या रात्री लाईट गेली तर काय, यावर परत वाद.

पक्याने शेवटी विचारलं तुमच्याकडे कमी काय पडतं. साड्या नकोत, स्वाती म्हणाली, साड्यांचे ढीग आहेत, लोक लग्नातल्या जरीच्या आणून देतात आणि फोटो काढायला सांगतात. पोरांच्या पँटी पाहिजेत, अठ्ठावीस-तीस कंबरेच्या, आणि काळे बूट, आठ नंबर. पक्याचा आठच आहे. तो म्हणाला माझे देणार नाय, पण भावाचे बघतो.