कॉफीच्या हँड ग्राइंडरला दोन तारे देणाऱ्या खानापूरच्या ताईंना दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. आमच्याकडून १,९०० रुपयांचा सिरॅमिक दात्यांचा हँड ग्राइंडर नेलात आणि आता लिहिलंय की वीस ग्रॅम कॉफीच्या बिया दळायला सात मिनिटं जातात, हातानं फिरवायचा दांडा मध्येच निसटतो, पूड एकसारखी पडत नाही, घरच्या पितळी फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरता उतरत नाही, आणि बेंगळुरूहून आलेला मुलगा कागदी फिल्टरच्या कोनात कॉफी करतो ती एकाच कपात आंबटही लागते नि कडूही. शेवटी तुमचं वाक्य : 'दुकानात विचारलं तर सगळ्याला चालतो म्हणाले. यापेक्षा मिक्सर बरा.'

'सगळ्याला चालतो' हे आमच्या काउंटरवर बोललं गेलं. त्या वेळी मी तिथं नव्हतो, पण दुकान माझं आहे, तेव्हा ती चूक माझी. तुम्हाला किंमत सांगायच्या आधी एकच गोष्ट विचारायला हवी होती, ती म्हणजे घरात कॉफी कशात करता? ग्राइंडरची निवड तिथून सुरू होते. तुमच्या घरी एक फिल्टर आणि एक कोन, म्हणजे दोन वेगळी दळणं. हे विचारलं असतं तर तो डबा तुमच्या पिशवीत गेलाच नसता.

काल सकाळी दुकान उघडल्यावर त्याच मॉडेलचा नवा डबा फोडला. चिकमगळूरच्या हलक्या भाजलेल्या अरेबिका जातीच्या बिया वीस ग्रॅम घेतल्या, मुलगा आणतो तशाच. साडेसहा मिनिटं लागली आणि खांदा भरून आला. मग गडद भाजलेल्या घेतल्या, त्या चार मिनिटांत झाल्या. हलकी भाजलेली बी टणक असते, तिला जोर जास्त लागतो. तेव्हा तुमची सात मिनिटं अगदी खरी आहेत. कोनासाठीची जाडसर पूड मैद्याच्या चाळणीत घालून हलवली. खाली पिठासारखा थर पडला आणि वर अर्धे-अर्धे दाणे उरले, काही तर बोटानं उचलता येतील एवढे. पाणी त्या पिठातून कडवटपणा ओढून घेतं आणि जाड तुकड्यांच्या आत पोचतच नाही, ते आंबट राहतात. मुलाच्या कपात दोन्ही चवी एकत्र येतात त्या अशा.

कारण सांगतो. तुमच्या घरी जुनं जातं असेल तर पटकन लक्षात येईल. जात्याची मधली खुंटी ढिली झाली की वरची तळी डुलते, एका बाजूला पीठ पडतं नि दुसऱ्या बाजूला भरड. या ग्राइंडरचा आतला दातेरी शंकू एका लांब दांडीच्या टोकाला असतो आणि त्या दांडीला नीट आधार फक्त वरच्या बाजूला आहे. बारीक दळताना शंकू बाहेरच्या कड्याला जवळजवळ टेकलेला असतो, म्हणून फारसा हलत नाही. जाड दळायला फट वाढवली की तो मोकळा होऊन डुलायला लागतो. बऱ्या ग्राइंडरमध्ये दांडी वर आणि खाली अशी दोन बेअरिंगमध्ये धरलेली असते. डब्यावर दात्यांचा प्रकार मोठ्या अक्षरात छापतात, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची ही दांडी आहे, आणि तिच्याबद्दल डब्यावर एक शब्द नसतो. घेताना दांडा काढून दांडीचं टोक चिमटीत धरून हलवून बघावं. डुलली तर परत ठेवावा.

दांडा निसटतो तो त्याच्या षटकोनी खाचेमुळे. नरम पत्र्यात कोरलेली ती खाच झिजली की पकड जाते. ही मालातलीच खोट आहे, तुमच्या हाताची नाही.

फिल्टर तुंबण्याबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. दुकानात काम करणाऱ्या आमच्या पोरानं दळण जाड-बारीक करायचं चाक पूर्ण आवळून दिलं होतं. तिथं एस्प्रेसो कॉफीच्या यंत्राला लागतं त्यापेक्षाही बारीक पीठ पडतं. फिल्टरला चिरोटी रव्याएवढी पूड पुरते, कोनाला उप्पिटाच्या रव्याएवढी. चाक हलक्या हातानं आवळा, दांडा अडखळला की ते शून्य. तिथून चाक उलट फिरवत टकटक आवाज मोजायचे. दर वेळी थोडीशी पूड तळहातावर चोळून बघा, रव्याचा हात तुमचा रोजचाच आहे. डिकॉक्शन आता पातळ वाटेल. बाजारातल्या पुडीत बहुधा चिकोरी असते, मिश्रण असेल तर निम्म्यापर्यंतसुद्धा, आणि काळा रंग व दाटपणा बराचसा तिचा असतो. हवी असेल तर चिकोरीची पूड वेगळी आणून नंतर मिसळा, ग्राइंडरमध्ये घालू नका. ती ओल धरते, आणि खानापूरच्या पावसाळ्यात दात्यांना गोळा होऊन चिकटेल.

मिक्सर बरा, हे तुमच्या या ग्राइंडरपुरतं मी खोडून काढणार नाही. पण मिक्सरचं पातं बी तोडतं, दळत नाही, पीठ आणि तुकडे त्यातही एकत्रच येतात. एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे, हाताचा ग्राइंडर म्हणजे फसवणूक नव्हे. विजेच्या यंत्रात तेवढ्याच पैशातला मोठा वाटा मोटारीला जातो, हाताच्यात तो दात्यांना आणि बेअरिंगला लावता येतो. घरात सहा माणसं दोन वेळा कॉफी पीत असतील तर मात्र मी स्वतःच सांगेन की हा व्याप करू नका, आठवड्याला थोडी ताजी पूड दळून आणा. एक-दोन कपांच्या घरात स्टीलच्या दात्यांचा आणि दोन बेअरिंगचा ग्राइंडर वीस ग्रॅम एक-दीड मिनिटात दळतो. तो पाण्यानं मात्र धुवायचा नाही, गंज चढतो. कोरड्या ब्रशनं झाडायचा.

माहितीपत्रक फक्त इंग्रजी आणि चिनीत आहे हेही तुम्ही लिहिलंय. बेळगावात बसून मराठी गिऱ्हाइकाला असा कागद द्यावा हे मलाच बरं वाटत नाही. रव्याच्या मापासकट एका पानाचा मराठी कागद कालच लिहायला घेतलाय, याच आठवड्यापासून प्रत्येक डब्यात जाईल. हे मॉडेल शेल्फवरून काढलंय. ज्यांनी ते नेलंय त्यांनीही परत आणावं, पावती नसली तरी चालेल.

तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. पूर्ण १,९०० रुपये परत घ्या. नाहीतर स्टीलवाला न्या, त्याची किंमत ३,४०० आहे, मी तुमच्याकडून वर ७०० घेईन, उरलेलं दुकान सोसेल. पैसे घेऊन गेलात तरी माझ्या मनात काही राहणार नाही.

याल तेव्हा पितळी फिल्टर आणि मुलाच्या थोड्या बिया घेऊन या. सकाळी अकराच्या आत दुकानात गर्दी नसते. फिल्टरची भोकं बघून दोन्ही मापं तिथंच बसवू, डिकॉक्शन उतरेपर्यंत थांबा, आणि चाकावर दोन खुणा रंगानं करून देतो, एक फिल्टरची नि एक कोनाची.