अठ्ठावीस भागिले आठ

“ड्रेस शिवून झाला, आता फक्त बटणे तेवढी राहिली आहेत,” असे मी रविवारी जेवताना जाहीर केले, तेव्हा आईने ताकाची वाटी तोंडाशी नेता नेता थांबवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचा अर्थ मला पुढच्या शनिवारी कळला. ड्रेस तिच्याच एका जुन्या इरकल साडीचा होता. गळा बसला होता, बाह्या बसल्या होत्या, समोर 28 इंचांची बटणपट्टी इस्त्री करून तयार होती आणि भाच्याच्या साखरपुड्याला अजून सहा दिवस अवकाश होता. बाही बसवणे ही शिवणकामातली पदवी परीक्षा आणि बटण लावणे म्हणजे बालवाडी, अशी तोपर्यंत माझी प्रामाणिक समजूत होती.

दुसऱ्या दिवशी मी बटणे आणायला गेले. दुकानदाराने विचारले, “किती लाइन?” मी म्हटले, “एकच. वरून खाली, सरळ.” त्याने काही क्षण माझ्याकडे करुणेने पाहिले आणि मग बटणाचा आकार लाइनमध्ये मोजतात, 40 लाइन म्हणजे एक इंच, आणि शर्टाचे साधे बटण 18 लाइनचे असते, एवढे ज्ञान मला उभ्या उभ्या फुकट दिले. इरकलीला शोभतील म्हणून मी करवंटीची, 24 लाइनची बटणे निवडली. “डझन घ्या ताई, करवंटीचा रंग पुन्हा तसाच मिळत नाही,” असे तो म्हणाला. परंतु दुकानदार जास्तीचा माल गळ्यात मारतात हे आपल्याला चांगले ठाऊक आहे, अशा थाटात मी मोजून आठच बटणे घेतली.

संध्याकाळी अंतर ठरवायला बसलो. बसलो असे म्हणायचे कारण, आमच्या ह्यांची सारी हयात बँकेत गेली असून घरात कुठेही भागाकार निघाला की त्यांना बोलवावे लागत नाही. “अठ्ठावीस भागिले आठ, साडेतीन,” त्यांनी चष्माही न लावता सांगितले. मी गळ्यापाशी पहिली खूण केली आणि साडेतीन-साडेतीन इंचांवर खडूने खुणा करत खाली गेले, तर आठवी खूण साडेचोवीस इंचांवरच संपली आणि खाली साडेतीन इंच पट्टी उघडी राहिली. आम्ही टेप बदलून पाहिला. ह्यांनी टेप ताणला जात असल्याचा संशय व्यक्त केला. दहा मिनिटे शांतता झाल्यावर त्यांनी स्वतःचा पंजा डोळ्यांसमोर धरला, बोटे फाकवली आणि घसा खाकरून म्हणाले, “बोटं पाच असली तरी फटी चारच असतात गं.” म्हणजे आठ बटणांत अंतरे सात. 28 भागिले सात, चार. इतकी वर्षे लोकांचे पैसे ह्यांच्याकडे कसे सुरक्षित राहिले, हा प्रश्न मी गिळला.

चार-चार इंचांच्या खुणा देखण्या दिसत होत्या. तेवढ्यात आई आली आणि म्हणाली, “हा ड्रेस कोण घालणार आहे? जावईबापू?” नमुना म्हणून मी ह्यांचा शर्ट समोर ठेवला होता, त्यामुळे काजे डाव्या पट्टीवर आखली गेली होती, बायकांच्या कपड्यात ती उजव्या पट्टीवर असतात. युरोपातल्या श्रीमंत स्त्रियांना दासी समोर उभ्या राहून कपडे चढवत, म्हणून त्यांची बटणे उलट्या बाजूला गेली, असे एक कारण यासाठी सांगतात. मला आजवर कोणत्याही दासीने काही चढवलेले नाही, तरीही मी खडू पुसला आणि सगळे पुन्हा उजवीकडे आखले.

“आता टाचण्या लावून अंगात घालून बघ,” आई म्हणाली. घातला. उभी राहिले तोवर ठीक होते. बसले मात्र आणि दुसऱ्या व तिसऱ्या टाचणीच्या मधोमध एक ऐसपैस खिडकी उघडली. छातीचा सर्वांत भरलेला भाग पहिल्या खुणेपासून सहा इंचांवर येत होता आणि माझी बटणे चारवर व आठवर, म्हणजे जिथे गरज तिथून दोन्ही बाजूंना समान अंतरावर पळालेली होती. “बटणाची जागा टेप ठरवत नाही, अंग ठरवतं,” आईने निकाल दिला. पहिले बटण छातीवर ठरवायचे, मग तिथून गळ्यापर्यंतच्या अंतराचे सारखे भाग करायचे आणि जे अंतर येईल तेच खाली नेत जायचे, ही तिची रीत. सहाचे निम्मे तीन. तीन-तीन इंचांनी खाली गेले, तर शेवटचे बटण 27 इंचांवर आले आणि एकूण बटणे झाली दहा.

माझ्याकडे आठ होती. दुकानदाराने मला ओळखले, पण तो सज्जन होता, बोलला काहीच नाही. फक्त दोन गडद बटणे काउंटरवर ठेवली. आधीची ताज्या सुपारीच्या रंगाची होती, ही दोन भाजलेल्या सुपारीची निघाली.

या सगळ्यात मला आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाची आठवण झाली. बाराबंदीला बारा बंद असतात आणि बटण एकही नसते. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत आजही भक्त पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या घालून निघतात. बंद पोटाचे ऐकतो, जेवणाआधी घट्ट आणि जेवणानंतर सैल बसतो. बटण कोणाचेच ऐकत नाही. ते त्याच्या घरात तरी असते, नाही तर रस्त्यावर तरी. घर हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. ‘काज’ हा शब्द पोर्तुगीज ‘काझा’वरून आला आणि काझा म्हणजे घर. अशी दहा घरे मला बांधून घ्यायची होती.

त्यासाठी मी आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेले. त्याने ड्रेस उलटा केला, आतली शिवण दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, “ताई, दुसऱ्याने शिवलेल्याला आम्ही हात लावत नाही. उद्या काही झालं तर नाव आमचं जातं.” शेवटी कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवालीने पाच मिनिटांत दहा काजे पाडून दिली. आईच्या सांगण्यावरून सगळी आडवी. तिचे म्हणणे असे, की ओढ आडवी बसते, तेव्हा काजही आडवे हवे. उभ्या काजातून शिंक आली तरी बटण बाहेर पडते.

मग बटणे टाकायला बसले. बटण काजाच्या मध्यावर येणार असे कोणालाही वाटेल, मलाही वाटले. पण ओढ बसली की बटण काजाच्या बाहेरच्या टोकाला जाऊन टेकते, म्हणून टाचणी त्या टोकातून खाली टोचून तिथे खूण करायची. हे मला चौथ्या बटणानंतर कळले. आधीची चार उसवली. मी हातभर दोरा ओवला, तर आईने विचारले, “पतंग उडवायचाय का?” दोरा आखूड हवा आणि तो मेणावरून ओढून घ्यायला हवा. बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे, मग काडी काढून बटण वर खेचायचे, म्हणजे खाली जो सैल दोरा उरतो त्याला चार वेढे देऊन मान करायची. त्या मानेतच वरच्या पट्टीची जाडी मावते. हे मी नऊ बटणांना केले. तिसऱ्या बटणाच्या वेळी कुकरची शिट्टी झाली म्हणून ते घट्ट ओढून गाठ मारली आणि उठले.

तेच तिसरे बटण, छातीवरचे, शनिवारी रिक्षा दारात उभी असताना टपकन उडून देव्हाऱ्याखाली गेले. ड्रेस काढायला वेळ नव्हता. अंगावरचा कपडा तसाच शिवू नये, शिवायचाच झाला तर तोंडात काडी धरावी, या नियमाला आमच्या घरात अपवाद नाही. आईने केरसुणीची एक काडी मोडून माझ्या दातांत दिली आणि सुई घेऊन पुढे सरसावली. “झालं का?” असे ह्यांनी बाहेरून सहा वेळा विचारले. मी एकदाही उत्तर दिले नाही, याचा त्यांना दिवसभर आनंद होता.

साखरपुड्यात मामी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत होत्या. नजर शेवटच्या दोन बटणांपाशी थांबली तेव्हा माझा श्वासही थांबला. “खालची दोन मुद्दाम गडद घेतलीस ना? हल्ली तशीच पद्धत आहे म्हणे,” त्या म्हणाल्या. “आणि फिटिंग काय सुरेख बसलंय! कोणाकडे शिवलास गं?”

मी त्यांना आमच्या नेहमीच्या शिंप्याचा पत्ता दिला आणि जुनी साडी घेऊन बुधवारपर्यंत जायला सांगितले.